हौसाक्काची बाग आणि माझा अर्ज

हौसाक्का, बागेत तुझ्यासाठी हातभर माती उघडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी तुला सावडून आम्ही थेट बागेतच आलो होतो. पुढे तुझा विलास, पलटणीतून रजा काढून आलेला, हातात राखेचं घमेलं. मागे मी, बकुळीचं रोप घेऊन. तू दोघांनाही वेगवेगळं बजावून ठेवलं होतंस, "मला नदीत सोडू नगा, बागंत घाला." फाटकातून आत आलो आणि उभेच राहिलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-करडे पेव्हर ब्लॉक. चार वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यावरून चालते आहे, पण खड्डा कुठं घ्यायचा या नजरेने त्या दिवशी पहिल्यांदा खाली बघितलं. विलासने घमेलं हातात धरून बागेला दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाला, "बाई, आईनं एवढ्या लोकांस्नी हितं जागा दिली. तिलाच न्हाई व्हय?"

मी काही बोलायच्या आत वॉचमनने शिट्टी मारली.

तुझ्या बागेत तुझ्यावर शिट्टी! पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, पण असा संताप माझा कधी झाला नव्हता. तो बिचारा पळत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, राख आत आनायची न्हाई अशी आर्डर हाय. माझी नोकरी जाईल." त्याला काय बोलणार? कंत्राटदाराचा माणूस, पन्नाशी उलटलेला, अंगावर कुणा दुसऱ्याच्या मापाचा गणवेश. आम्ही परत आलो. अस्थी घरात न्यायच्या नाहीत आणि तुझ्या खोलीपुढं झाड नाही, म्हणून विलासने ते गाठोडं माझ्या परसातल्या पेरूला बांधलं. आमच्या जैनांत असलं काही करत नाहीत. शेजारणीने दोनदा विचारून घेतलं, हे किती दिवस राहणार म्हणून. मी सांगितलं, जागा मिळेपर्यंत.

आता जरा माझं ऐकून घे. जिवंतपणी तू मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस. मी सुरुवात केली की "आवं बाई, ऱ्हावा जरा" म्हणून तूच बोलत सुटायचीस. मी तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण तुला तू म्हणायचे आणि तू मला शेवटपर्यंत आवं-जावं करत राहिलीस. किती वेळा सांगितलं, हे सोड. तू म्हणालीस, "बाईला तू म्हनलं की पोरांस्नी पाढं येत न्हाईत." त्यावर काय वाद घालायचा माणसानं!

मी लग्न होऊन सांगलीकडून या गावात आले तेव्हा बाग म्हणजे मेंदीचं कुंपण, चार कडुनिंब, एक कधीही न उडालेलं कारंजं आणि खांबावरचा कर्णा. संध्याकाळी कर्ण्यावर रेडिओच्या बातम्या लागायच्या आणि अर्धं गाव ऐकत बसायचं. माळी तुझा नवरा. तो गेल्यावर त्याच्या जागेवर तुला घेतलं आणि पहिल्याच महिन्यात तू ते केलंस ज्यावरून गावात आठवडाभर चर्चा झाली. नवऱ्याची राख नदीत न सोडता कारंज्यामागं खड्ड्यात घातलीस आणि वर बकुळ लावलीस. उन्हाळा होता. नदीत डबकी राहिली होती आणि लोकांनी टाकलेली राख तवंगासारखी वर तरंगत होती. तू म्हणालीस, "आयुष्यभर झाडांस्नी पानी घातलं त्यानं, आन त्याला असल्या पान्यात सोडू?"

मग दुसरं कुणी आलं, मग तिसरं. पुढं तर रिवाजच पडला. गावात कुणाची माती झाली की सावडायच्या दिवशी माणसं घमेलं आणि रोप घेऊन बागेत यायची आणि तू आधीच गुडघाभर खोल खड्डा काढून ठेवलेला असायचा. अट एकच, ज्याने राख आणली त्याने तीन उन्हाळे पाणी घालायचं. न घातलं तर तू त्याच्या दारात जाऊन उभी राहायचीस, चार लोकांच्या देखत. "आवं, तुमचा बा वाळाया लागलाय की!" माणूस शरमेने बादली घेऊन पळत सुटायचा. रहिमतपूरला दिलेली ती शिंप्याची लेक आठवते? आईच्या सीताफळाला पाणी घालायला दर आठवड्याला एसटीने यायची. नवरा कुरकुर करायला लागला तेव्हा तूच त्याला निरोप धाडलास की सासूला आजून दोन उन्हाळं काढायचं हायती.

झाडांना पत्र्याच्या पाट्या मी रंगवल्या. माझं अक्षर चांगलं, एवढाच माझा त्या बागेवरचा हक्क. पहिल्या पाटीवर मी पूर्ण नाव लिहून आणलं तर तू ती परत केलीस. तुला वाचता येत नव्हतं. ओळींची लांबी बघून ओळखलंस. "आडनाव नगं. झाडाचं नाव आन मान्साचं नाव, बास. आडनाव लिवलं की ल्वाक आधी त्येच बघत्यात." म्हणून पाट्या नुसत्या 'दादू, आंबा', 'पारू, सीताफळ', 'महंमद, कडुनिंब' अशा झाल्या. मी शाळेत समतेवर निबंध घालत होते आणि तू अक्षर न शिकता बाग लावत होतीस. तुझ्यापुढं मला नेहमी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. हे कधी सांगितलं नाही, आता सांगते.

बुधवारच्या बाजाराला आलेल्या बायका दुपारी त्या सावलीत भाकरी सोडायच्या. टोपल्या डोक्याखाली घेऊन घटकाभर पडायच्या. परीक्षेची पोरं आंब्याखाली अभ्यास करायची. बाग कुणाची, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. आता दारात तिकीट आहे. आत फायबरचा जिराफ आहे, गावाचं नाव आणि बदामाची खूण असलेली भली मोठी अक्षरं आहेत, त्यांच्यापुढं फोटो काढायला रांग आहे. 'डबा खाण्यास मनाई' अशी पाटी आहे. त्या बाजारच्या बायका हल्ली फाटकाबाहेर गटारीच्या कट्ट्यावर बसून उन्हात भाकरी खातात. मला हे बघवत नाही. आणि हे ज्यांनी केलं ते भाषणात म्हणतात की बाग जनतेसाठी खुली केली!

पण दुसऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मला माझ्याकडेही यायचं आहे.

आमचा सकाळी फिरणाऱ्या बायकांचा गट. एका पावसाळ्यात बागेत एवढा चिखल झाला की कुलकर्णीबाई घसरून पडल्या आणि खुबा मोडला. सहा महिने अंथरुणावर होत्या. एक पायवाट पक्की करा, एवढीच आमची मागणी होती, आणि ती चुकीची नव्हती. हे मी तुला आजही सांगेन. म्हातारी माणसं पडत होती, आक्का. तू म्हणायचीस, "चिखुल हाय म्हनूनच तर झाडं हायती." ठीक आहे, पण कुलकर्णीबाईंनी काय करायचं? आपलं हे भांडण कधीच मिटलं नाही आणि त्यात निम्मं माझं बरोबर होतं.

उरलेलं निम्मं नव्हतं. गटाने ठरवलं, नगरपालिकेला अर्ज द्यायचा. लिहायचा कुणी? बाई, तुमचं अक्षर चांगलं. मी बसले लिहायला. एक पायवाट हवी, असं साधं लिहावं ना? नाही. मला आपलं वजनदार मराठी लिहायची हौस. 'तरी मेहेरबानांनी सदर उद्यानाचे संपूर्ण सुशोभीकरण करून नागरिकांची गैरसोय दूर करावी, ही नम्र विनंती.' वाचून दाखवलं तर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश झाले. पायवाटेचं नावसुद्धा त्या अर्जात उरलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

बाग समितीचा सभापती प्रवीण, माझाच विद्यार्थी. चौथीत असताना पाढे म्हणताना चड्डी सावरायचा. घरी येऊन पाया पडला आणि म्हणाला, "बाई, काळजी करू नका. एकही झाड तोडणार नाही, माझा शब्द." त्याने शब्द पाळला. एकही झाड तोडलं नाही. बुंध्याला चिकटवून ब्लॉक बसवले, खाली कच आणि मुरूम रोलरने दाबून. तुझं आळं नाही, पाण्याला वाट नाही. काम सुरू असताना मी लेकीच्या बाळंतपणाला सांगलीत विश्रामबागेत होते. दोन महिन्यांनी आले तर सगळं झालेलं. तू मला फाटकातच गाठलंस. त्या दिवशी तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "बाई, पायाखाली मुंगी मेली तर तुमास्नी पाप लागतंय. आन ही झाडं कोंडून मारली तर कुनाला लागतंय ओ?"

पहिल्या उन्हाळ्यात दादूचा आंबा वाळला. दुसऱ्यात सीताफळ, मग ओळीने सगळी. वाळल्यावर मात्र ती 'धोकादायक' ठरली आणि कापली गेली, रीतसर पंचनामा करून. तू निवृत्त झालेली, तुला विचारतंय कोण! तरी तू रोज यायचीस, बाटलीने ब्लॉकच्या फटीतून पाणी घालत बसायचीस. फोटो काढणारी पोरं तुला बाजूला सरकायला सांगायची. मी हे लांबून बघायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे. नवऱ्याची बकुळ गेली त्या दिवशी तू मला विचारलंस, "कुनी लिवला आसंल ओ बाई ह्यो अर्ज?" मी म्हणाले, "काय की."

काय की! पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं त्या बाईने.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. आधी वाटलं जरा राग निवू दे. मग तुझे गुडघे धरले, मग तुला दवाखान्यात नेलं. आजारी माणसाला कशाला, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेतली. चार वर्षं अशी गेली.

परवा विलासची रजा संपली. पेरूखाली गाठोड्याला हात लावून नमस्कार केला, बॅग खांद्यावर टाकली आणि जाता जाता म्हणाला, "बाई, तुमीच बघा आता. आन येक सांगू? आईला ठावं हुतं, अर्ज तुमी लिवला त्ये."

मी विचारलं, "कसं काय? तिला वाचता कुठं येत होतं?"

"काम सुरू व्हायच्या आधी फाटकावर अर्जाची झेराक्स लावली हुती न्हवं. आई म्हनली, ह्ये अक्षर पाट्यांवरचं हाय. दादूच्या पाटीवरचा 'द' त्यात बघून वळखलं म्हनं तिनं."

"मग मला बोलली का नाही?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हनली, बाईंस्नी तू काय बी इचारू नगंस. त्या सोता सांगतील."

तो गेला. मी पेरूखाली बसून राहिले आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला तो तुझा. हे काय वागणं झालं, हौसाक्का? चार वर्षं तुला ठाऊक होतं आणि तू माझ्याकडून चहा घेत होतीस, नातवाचे फोटो बघत होतीस, "बाई, वाळलाय तुमी" म्हणत होतीस. "काय की" म्हणताना माझं तोंड बघत होतीस! गावातल्या कुणाच्याही दारात जाऊन तू उभी राहायचीस. माझ्याच दारात का नाही आलीस? चार लोकांत माझी शोभा केली असतीस तर दोन दिवस तोंड लपवलं असतं, तिसऱ्या दिवशी दुसरा अर्ज लिहिला असता, काही झाडं वाचली असती. तू मला पोरांसारखं सांभाळून घेतलंस. कुणी सांगितलं होतं सांभाळून घ्यायला? मी भरपूर रडले आणि तुला भरपूर बोलले. शेजारीण कुंपणावरून बघत होती, बघू दे.

काल संध्याकाळी प्रवीण आला, पेढे घेऊन. बागेला तुझं नाव द्यायचा ठराव करतो म्हणे. 'वृक्षमाता हौसाबाई उद्यान', स्टीलची अक्षरं, रात्री दिवे लागणारी. "बाई, खाली चार ओळींचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. तुमच्यासारखं मराठी कुणाला येतंय!" मी विचारलं, आणि राख? तो म्हणाला, "त्यासाठी आपण मोठी कुंडी ठेवू की, फायबरची. दगडासारखीच दिसते." चाळीस वर्षं जमीन उकरलेल्या बाईला हा कुंडीत लावणार होता! मी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला. म्हटलं, प्रवीण, मजकूर लिहायचं मी सोडलंय. तो हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतात.

आज सकाळी मी पहार घेऊन बागेत गेले. शेजारच्या गवंड्याकडून मागून आणली होती. उचलवत नव्हती, निम्मी ओढतच नेली. वॉचमनने पहारीकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे बघितलं, आणि शिट्टी न मारता खिशात टाकून तो मागच्या नळाकडे निघून गेला. जागा मी ठरवूनच गेले होते. चालायच्या वाटेच्या बरोबर मधोमध.

पहिला ब्लॉक निघायला अर्धा तास लागला. आयुष्यात कधी माती खणली नव्हती, आम्हाला लहानपणापासून जपायला शिकवलेलं, जमिनीतल्या जिवांना धक्का नको. दोन्ही तळहात सोलपटले. पहिला निघाल्यावर बाकीचे सुटत गेले. गटाच्या बायका तोवर आल्या होत्या. प्रत्येक फेरीला माझ्याजवळून जायच्या आणि बघून न बघितल्यासारखं करायच्या. तिसऱ्या फेरीला त्यांच्यातली शोभा थांबली, पदर खोचला आणि निघालेले ब्लॉक कडेला रचायला लागली. कच निघाली, मुरूम निघाला. त्याखाली माती लागली, घट्ट झालेली, पण काळी. कुणीतरी फोन केला असणार, प्रवीणचा मला आला. "बाई, काय करताय हे? सरकारी मालमत्ता आहे. तक्रार झाली तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी म्हटलं, "कर तक्रार. फक्त काय हवंय ते साध्या शब्दांत लिही."

खड्डा गुडघाभर झाला का ते मी आत उतरून बघितलं. मग तुला त्यात घातलं. राख अंगावर उडाली, ती झटकली नाही. वर बकुळ लावली, माती दाबली. वॉचमन नळावरून बादली भरून घेऊन आला आणि ठेवून गेला.

सगळ्या बायका आता गोल करून उभ्या होत्या. कुलकर्णीबाई काठी टेकत पुढे आल्या. "अहो बाई, पण भर वाटेत कशाला? कडेला कुठंतरी लावायचं."

मी उभी राहिले. आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तेवढा मोठा काढला.

"ही वाट मी मागितली होती म्हणून. अर्ज मी लिहिला होता. तुम्ही पायवाट सांगितली आणि मी आख्खी बाग लिहून दिली. हौसाक्काने मला विचारलं तर मी खोटं बोलले. तिला सांगायचं राहिलं, ते आता सांगते आहे. अर्ज मी लिहिला होता, आक्का."

शोभाने बादली उचलून आळ्यात पाणी ओतलं. ते लगेच मुरलं नाही, बराच वेळ तसंच साचून राहिलं आणि मग हळूहळू खाली गेलं. ऊन वाढायला लागलं होतं, फेऱ्या अजून बाकी होत्या. कुलकर्णीबाईंनी काठी सावरली आणि त्या चालायला लागल्या, त्यांच्यामागे बाकीच्या. तुझ्यापाशी आल्यावर प्रत्येकीने वळसा घेतला.